चौकटीतली अक्षरं

बँकेत खिडकीपलीकडचा कर्मचारी संगणकाच्या पडद्यावर आपलं नाव, पत्ता, रक्कम भरतो. त्या चौकटी, ती बटणं कुणीतरी आखलेली असतात. आज मी बोलणार आहे ते या आखणीच्या अवजारांविषयी. मी बी. ए. झालेला कवी, पण या चौकटीत माझी अक्षरं मावतात का, हा प्रश्न माझाही आहे.

विंडोजच्या सुरुवातीच्या काळात सी भाषेत साधी एक खिडकी उघडायची, तरी पानभर सूचना लिहाव्या लागत. ॲलन कूपर यांनी घडवलेलं एक साधन मायक्रोसॉफ्टने १९८८ साली घेतलं, त्याला बेसिक भाषेची जोड दिली आणि १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आलं. बटण उचलायचं, फॉर्मवर ठेवायचं आणि ते दाबल्यावर काय व्हावं तेवढं लिहायचं. हिशेबाचे, गोदामाचे, पगाराचे प्रोग्राम भराभर होऊ लागले.

त्याच वर्षी पॉवरबिल्डर आलं. त्यातली डेटाविंडो साठ्यातली माहिती थेट तक्त्यात मांडून देई. १९९५ साली बोरलँड कंपनीने डेल्फी आणलं. त्याचे शिल्पकार अँडर्स हायल्सबर्ग. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये सी शार्प भाषा घडवणारेही तेच. डेल्फीचा पाया पास्कल भाषेचा, आणि तयार होणारा प्रोग्राम थेट यंत्रभाषेत, म्हणून वेगवान. व्हिज्युअल बेसिकला ही सोय १९९७ साली पाचव्या आवृत्तीत मिळाली. शिकायला मात्र व्हिज्युअल बेसिकच सोपं.

आता अक्षरांकडे येऊ. जगातल्या लिप्यांना एकत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ सालचीच, आणि देवनागरी तिच्यात होती. पण १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या नेहमीच्या चौकटी मजकूर दाखवताना जुन्या संकेतावलीचा आधार घेत. विंडोजमध्ये देवनागरीसाठी तशी संकेतावलीच नव्हती. मग रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट वापरले गेले. पडद्यावर मराठी दिसे, यंत्राच्या लेखी ती रोमनच. फॉन्ट बदलला की नावाचा चिखल! अकारविल्हे यादी लावावी, तर क्रम रोमनचा. नाव दिसतं, पण शोधता येत नाही.

२००२ साली आलेल्या डॉटनेटमध्ये युनिकोड मुळापासून होतं. डेल्फीच्या चौकटी पूर्णपणे युनिकोडच्या झाल्या त्या २००८ साली बाजारात आलेल्या आवृत्तीत. त्याच वर्षी व्हिज्युअल बेसिक ६ च्या विकाससाधनाला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार संपला. तरी त्यात बांधलेले प्रोग्राम आजच्या विंडोजवरही चालतात. कचेरीतली व्यवस्था एकदा बसली की सहसा उठत नाही.

अवजारांची तुलना करताना वेग, किंमत, सोपेपणा पाहतात. ते पाहावंच. पण शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर जसं आहे तसंच या चौकटीत लिहिता येईल का, आणि उद्या शोधल्यावर सापडेल का, हेही विचारावं. कारण यादीत न सापडणाऱ्या माणसाला पुढच्या खिडकीवर पाठवतात, आणि तिथे पुन्हा रांग असते.