कैसरचा हात आणि त्याची आई

पहिल्या महायुद्धावरचा कुठलाही व्हिडिओ लावा, जर्मनीचा कैसर विल्हेम दुसरा आला की त्याचा डावा हात येतोच. उजव्यापेक्षा आखूड, जवळजवळ निकामी. फोटोत तो हात कधी तलवारीच्या मुठीवर, कधी हातमोजे धरलेला, कधी पाठीमागे. "जन्माच्या वेळी इजा झाली" असं एक वाक्य येतं आणि गाडी पुढे निघते. आज आपण त्या एकाच वाक्यात थांबणार आहोत. कारण त्या खोलीत बाळाची आईसुद्धा होती.

तिचं नाव व्हिक्टोरिया, घरच्यांची व्हिकी. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची थोरली लेक. जानेवारी 1858 मध्ये प्रशियाच्या राजपुत्राशी लग्न झालं तेव्हा ती 17 वर्षांची होती. पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी. हिचं सासरी, बर्लिनमध्ये, आणि आई समुद्रापार. राणीने आपल्या माणसांपैकी एक सुईण आणि सर जेम्स क्लार्क हे डॉक्टर पाठवले, सोबत क्लोरोफॉर्म. राणीने स्वतः 1853 मध्ये बाळंतपणात तो घेतला होता.

26 जानेवारी 1859 च्या मध्यरात्रीच्या सुमारास कळा सुरू झाल्या. बर्लिन विद्यापीठातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक एडुआर्ट मार्टिन यांना चिठ्ठी पाठवायची होती. ती हातोहात जायची, तर गेली साध्या टपालाने! मार्टिनना निरोप मिळाला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास. तोवर व्हिकी रात्रभर कळा सोसत होती. नवरा फ्रिट्झ तिला धरून बसला होता. त्याने नंतर सासूबाईंना लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट आहे, ती माझ्या डोक्यातून जात नाही: ओरडल्याबद्दल ती खोलीतल्या सगळ्यांची माफी मागत होती. अठरा वर्षांची पोर!

मार्टिन आले आणि लक्षात आलं की बाळ पायाळू आहे. आपल्याकडे पायाळू माणसाला मान असतो, पाठीत उसण भरली की त्याची लाथ मागतात. पण पायाळू बाळाच्या आईला विचारा. डोकं सगळ्यात शेवटी येतं, आणि तेवढ्यात नाळ दाबली गेली तर बाळाचा श्वास कोंडतो. त्यातून कळा मंदावल्या होत्या. मग मार्टिननी तिला अरगट दिलं.

अरगट हा शब्द शेतकऱ्यांच्या घरातल्यांना माहीत असेल. बाजरीच्या कणसावर पडतो तो रोग, ज्यासाठी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवून घेतात. त्याच जातकुळीतली बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर येते. तिची पूड दिली की गर्भाशय आवळतं, हे सुइणींना फार आधीपासून ठाऊक होतं. 1808 मध्ये जॉन स्टर्न्स या अमेरिकन डॉक्टरने त्यावर लिहिलं आणि डॉक्टरांनीही ती उचलली. पण कळ कशी असते? येते, जाते, मध्ये आई आणि बाळ दोघंही दम घेतात. अरगटने आलेली कळ सोडतच नाही. 1824 मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर डेव्हिड होझॅक यांनी इशारा दिला होता की ही बाळासाठी मरणाची पूड आहे. त्यानंतर पस्तीस वर्षांनी तीच पूड राजवाड्यात.

आणि दुसरीकडून क्लोरोफॉर्म. तो वेदना कमी करतो, पण गर्भाशयही सैल करतो. म्हणजे एक औषध पुढे ढकलतंय, दुसरं मागे ओढतंय, आणि मधे व्हिकी. तिला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

बाळाचा डावा हात डोक्याकडे वर अडकला होता. मार्टिननी तो ओढून खाली आणला. दुपारी तीनच्या सुमारास मुलगा झाला, पण हालचाल नाही, रडणं नाही. चापट्या मारून कसंबसं रडवलं. बाहेर 101 तोफा झाल्या. हात लुळा आहे हे लक्षात यायला आणखी काही दिवस गेले. मानेजवळच्या नसांना इजा झाली होती.

मार्टिननी दोन जीव वाचवले हे मी मान्य करतो. हातात तेव्हा जे होतं ते त्यांनी वापरलं. आज कळा आणण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन सलाईनमधून थेंबाथेंबाने देतात. बंद केलं की काही मिनिटांत जोर उतरायला लागतो. ते प्रयोगशाळेत बनवता आलं 1953 मध्ये, आणि व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांना त्यासाठी 1955 चं नोबेल मिळालं. अरगटपासून काढलेलं औषध आजही लेबर रूममध्ये असतं, पण बाळ बाहेर आल्यावर, रक्तस्राव थांबवायला.

व्हिकीचं बाळंतपण मात्र त्या दुपारी संपलं नाही. नुकत्या मारलेल्या सशाच्या शरीरात बाळाचा हात ठेवणं, विजेचे झटके, चांगला हात बांधून ठेवणं, मान सरळ करायचं यंत्र. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं. पुढे मुलाने हाताचं खापर आईवर आणि इंग्लंडहून आलेल्या डॉक्टरवर फोडलं. हात ओढला होता जर्मन प्राध्यापकाने! "या हातामुळे महायुद्ध झालं" असंही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. सैन्य, करार, वसाहती बाजूला सारून सगळं एका प्रसूतीवर टाकणं सोपं असतं, एवढंच.

1901 मध्ये, मरणाच्या काही महिने आधी, व्हिकीने आपली पत्रं मुलाच्या नकळत इंग्लंडला पाठवली. ती 1928 मध्ये छापून आली. पदच्युत कैसरने आधी ती रोखायचा प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा जर्मन आवृत्तीचे हक्क विकत घेतले आणि आईच्या पत्रांना स्वतःची प्रस्तावना जोडली.