झडप-शस्त्रक्रियेनंतरचा भ्रम व मेंदूची इजा

हृदयाची झडप बदलल्यावर वा दुरुस्त केल्यावर पहिल्या काही दिवसांत रुग्णाच्या भानात अचानक येणारा गोंधळ. तो दिवसात कमी-जास्त होतो, रात्री बळावतो. वैद्यकात याला ‘डिलिरिअम’ म्हणतात. कोल्हापूरकडे नातेवाईक ‘वात झालाय’ म्हणतात. शब्द सन्निपाताच्या जुन्या कल्पनेतला असला तरी वर्णन नेमके आहे. पंचाईत होते ती ‘बाहेरचं’ समजून उतारा टाकण्यात वेळ गेला की.

हृदयशल्यविशारद अल्बर्ट स्टार यांनी 1960 मध्ये अभियंता लोवेल एडवर्ड्स यांच्यासह तयार केलेली कृत्रिम झडप रुग्णात बसवली. 1964 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ ब्लॅकली यांच्याबरोबर शस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमावर निबंध लिहिणारेही तेच.

कोल्हापूर जिल्ह्यात झडपेचे रुग्ण ढोबळपणे दोन प्रकारचे. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आकसलेले तरुण, त्यांत बायका पुष्कळ. आणि महाधमनीच्या झडपेवर चुना साचलेले म्हातारे. भ्रमाचा धोका दुसऱ्यांना जास्त. आधीचा विसराळूपणा, कमी ऐकू येणे, दारू एकाएकी तुटणे, झोपेची औषधे, अपुरी झोप ही त्याची कारणे. चष्मा आणि कानाचे यंत्र घरच्यांच्या पिशवीत, अतिदक्षता विभागात दिवा चोवीस तास चालू: अशा ठिकाणी पहाटे ‘धारा काढायची वेळ झाली’ म्हणून नळ्या ओढणारा शेतकरी वेडा नसतो. गप्प पडून राहणारा रुग्ण मात्र ‘शांत झोपलाय’ म्हणून नजरेतून सुटतो. भ्रमाचा हा प्रकारही तितकाच गंभीर.

मेंदूची इजा हा वेगळा प्रश्न, पण दोन्ही एकाच वेळी असू शकतात. चुन्याचे कण, रक्ताची गुठळी, हवेचे बुडबुडे मेंदूच्या धमनीत अडकतात किंवा रक्तदाब फार उतरतो. छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवण्याच्या पद्धतीनंतर (पहिला प्रयोग 2002, आलँ क्रिबिए) बहुतेकांच्या एमआरआयमध्ये बारीक नवे डाग दिसतात. लक्षणे मात्र मोजक्यांनाच. ते कण गाळणीने अडवण्याची 2022 ची सुमारे 3000 रुग्णांची चाचणी झाली. त्यात पक्षाघात 2.9 वरून 2.3 टक्क्यांवर आला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, शब्द न फुटणे ही पक्षाघाताची चिन्हे; त्याला ‘वात’ म्हणून थांबू नये, तत्काळ सीटी स्कॅन लागतो. भ्रमात मुख्य उपचार साधा: चष्मा परत, दिवस-रात्र कळेल असा उजेड, वेदनाशमन, नको असलेल्या नळ्या काढणे, ओळखीचा आवाज. हॅलोपेरिडॉलसारखे मनोविकारावरचे औषध रुग्ण स्वतःला वा इतरांना इजा करील तेव्हाच. ओळखीचा आवाज हाही उपचार असल्याने भेटीच्या वेळेवर कडक पहारा ठेवणाऱ्या विभागांनी फेरविचार करावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

भ्रम बहुधा दिवसांत ओसरतो. घरी गेल्यावर मात्र दूध डेअरीचा हिशेब चुकणे, पाहुण्यांची नावे न आठवणे अशा तक्रारी काहींत महिनोन्‌महिने राहतात. धातूची झडप असलेल्याने रक्त पातळ करणारी गोळी चुकवली की गुठळीचा धोका पुन्हा उभा राहतो.