मिश्र मोटार : पायरी कीं मुक्काम?

इ. स. १९०० सालीं पॅरिस येथें जें जागतिक प्रदर्शन भरलें, त्यांत व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यानें एक विजेची मोटार मांडली होती. राजदरबारासाठीं घोड्यांच्या गाड्या बांधणें हा या कारखान्याचा पिढीजात धंदा. नव्या गाडीचा कर्ता मात्र पंचविशीच्या उंबरठ्यावरचा एक तरुण होता. त्याचें नांव फर्डिनंड पोर्श. पुढल्या दोन चाकांच्या तुंब्यांतच त्यानें विजेवर फिरणारीं यंत्रें बसविलीं होतीं. सांखळी नाहीं, दांतेरी चाकें नाहींत, आवाज नाहीं. लोकांनीं वाहवा केली. परंतु गाडीच्या पोटांतील शिशाच्या बॅटरीचें वजनच सुमारें ४१० किलो होतें, आणि एवढें ओझें वाहूनहि ती पन्नास किलोमीटरांच्या आसपास जाऊन थांबे. लवकरच पोर्शनें दुसरी गाडी जुळविली. तिच्यांत पेट्रोलचीं दोन लहान एंजिनें होतीं. पण तीं चाकें फिरवीत नसत, वीज तयार करीत, आणि ती वीज चाकांतील यंत्रांना मिळे. बॅटरी लहान झाली, पल्ला वाढला. या गाडीस नांव दिलें 'सेम्पर विवुस', म्हणजे 'सदा जिवंत'. आज जिला हायब्रीड किंवा मिश्र मोटार म्हणतात, तिचा जन्म असा झाला : बॅटरी वाटेंत मरेल या धास्तींतून. नांवांतच ती धास्ती उघड होते.

सव्वाशें वर्षांनंतर प्रश्न उलट दिशेनें आला आहे. मिश्र मोटारी वापरणारे कोट्यवधि लोक एंजिन अजिबात सोडून केवळ विजेच्या मोटारीकडे वळतील काय? कारखानदारांना, सरकारांना आणि वीज पुरविणाऱ्यांना याचें उत्तर हवें आहे. कारखाने, कर आणि तारा यांत घालावयाचा पैसा त्यावर अवलंबून आहे. साधारण समज असा कीं, मिश्र मोटार ही एक पायरी आहे आणि तिच्यावर चढलेला मनुष्य आज ना उद्यां वरच्या पायरीवर जाणारच. इतिहास हा समज पुरता मान्य करीत नाहीं.

पोर्शच्या काळीं विजेची गाडी मागासलेली नव्हती. २९ एप्रिल १८९९ रोजीं कामीय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ विजेच्याच गाडींतून ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गांठला. ताशीं शंभराची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटार ती. १९०० सालीं अमेरिकेंत ज्या सुमारें ४,२०० मोटारी तयार झाल्या, त्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. पेट्रोलची गाडी सुरू करावयाची म्हणजे समोर उभें राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे, आणि तो उलटा फिरून हात मोडण्याचे प्रकार घडत. म्हणून डॉक्टर आणि सधन घरांतील स्त्रिया विजेची गाडी पसंत करीत. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा या 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' गाडींतून हिंडत, आणि यजमान जगाला पेट्रोलची गाडी विकीत! पुढें चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेलें, बॅटरीच्या जोरावर एंजिन सुरू करणारें यंत्र १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत आलें आणि दांडा गेला. विजेच्या गाडीचा मोठा आधार विजेच्याच एका चिमुकल्या यंत्रानें काढून घेतला.

पण हें अर्धेंच कारण. गांवाबाहेरील रस्ते सुधारले तशी लोकांना दूर जाण्याची हौस लागली. पेट्रोल डब्यांत भरून कोठेंहि नेतां येई, किराण्याच्या दुकानांतहि मिळे. वीज मात्र शहराच्या वेशीपाशीं थांबत होती. १९३० च्या सुमारासहि अमेरिकेंतील दहांपैकीं नऊ शेतघरांत वीज नव्हती. अशा देशांत विजेच्या गाडीला रात्रीं मुक्कामाला जागा कोठली?

या दोहोंचा मेळ घालण्याचा एक यत्न १९१६ सालीं शिकागोच्या वुड्स कंपनीनें केला. तिच्या 'ड्युअल पॉवर' गाडींत पेट्रोलचें एंजिन आणि विजेचें यंत्र दोन्ही होतीं. हळू चालतांना वीज, वेग वाढल्यावर पेट्रोल. किंमत २,६५० डॉलर, तर त्याच वर्षीं फोर्डची 'मॉडेल टी' चारशें डॉलरांहूनहि कमी किंमतींत मिळे. दुप्पट यंत्रें म्हणजे दुप्पट खर्च. आणि ताशीं ३५ मैलांच्या वर ती जाईना. दोन वर्षांत गाडी बंद पडली. तिच्या गिऱ्हाइकांनीं पुढें विजेची गाडी घेतली नाहीं, कारण घ्यावयाला विजेच्या गाड्याच फारशा उरल्या नव्हत्या.

यानंतर पाऊण शतक ही कल्पना जवळजवळ निजली होती. १९९० सालीं कॅलिफोर्निया राज्यानें धूर न सोडणाऱ्या कांहीं मोटारी विकल्याच पाहिजेत असा नियम केला, तेव्हां ती जागी झाली. जनरल मोटर्सनें १९९६ सालीं 'ईव्ही-१' ही केवळ विजेची गाडी भाड्यानें दिली, आणि पुढें परत घेऊन बहुतेक सर्व गाड्यांचा चुराडा केला. भाडेकऱ्यांनीं त्यासाठीं निदर्शनें केलीं तरी कंपनी बधली नाहीं. जपानांत टोयोटानें दुसरा मार्ग धरला. ताकेशी उचियामादा यांच्या देखरेखीखालीं तयार झालेली 'प्रियस' डिसेंबर १९९७ मध्यें विक्रीस आली. ब्रेक लावतांना एरव्हीं उष्णतेच्या रूपानें फुकट जाणारी शक्ति ती बॅटरींत सांठवी आणि गाडी हलवितांना परत वापरी. या गाडीला भिंतीतील विजेशीं जोडण्याची दोरीच नव्हती. मालकानें पूर्वींप्रमाणें पेट्रोल भरावें, पूर्वींप्रमाणें हिंडावें. बचत आपोआप होई. जानेवारी २०१७ पर्यंत टोयोटाच्या अशा मिश्र मोटारींची एकूण विक्री १ कोटीच्या वर गेली. या यशाचें मर्म एंजिनाच्या करामतींत जितकें आहे, तितकेंच मालकाची एकहि संवय न मोडण्यांत आहे. आणि ज्याची संवय मोडलेलीच नाहीं, तो नव्या वाटेवर अर्धा आला असें कसें म्हणावें?

येथें समुद्रावरील एक जुना दाखला उपयोगी पडतो. १८३० सालीं मुंबईंत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुएझला निघाली. तिच्या कोठारांत साडेपांच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती आणि एडनचा पल्ला अकरा दिवसांचा. प्रवाशांच्या खोल्यांतहि कोळसा रचावा लागला, आणि बोट पाण्यांत इतकी बसली कीं कांठ बुडतो कीं काय असें वाटावें. त्या काळच्या प्रत्येक आगबोटीप्रमाणें तिच्यावर शिडेंहि होतीं. वाफ आणि वारा यांचा हा संसार पुढें पन्नास वर्षांवर टिकला. खलाशांचें शिडांवर प्रेम होतें हें खरें. पण तीं टिकलीं तीं कोळसा संपेल किंवा यंत्र बिघडेल या भयामुळें. बंदरोबंदरीं कोळशाचे सांठे झाले, कमी कोळशांत जास्त काम देणारीं एंजिनें आलीं, जहाजाला एकाऐवजीं दोन पंखे लागले, म्हणजे एक मोडला तरी दुसरा चाले. १८८९ सालीं 'ट्यूटॉनिक' हें अटलांटिकवरचें उतारूंचें जहाज निघालें, तें शिडांचा आडवा पसारा वगळूनच. भीतीचें कारण गेलें तेव्हां शिडें गेलीं, आधीं नाहीं.

मोटारींत हीच कसोटी लावून पाहण्याजोगी आहे. डिसेंबर २०१० मध्यें अमेरिकेंत शेव्हरोले 'व्होल्ट' विक्रीस आली. ही निराळ्या जातीची मिश्र मोटार : घरीं विजेवर भरावी, सुमारें ५५ किलोमीटर विजेवर चालावी, पुढें पेट्रोल. जो मालक रोज रात्रीं तिची दोरी जोडतो, त्याची खरोखर तालीम होते. कित्येक दिवस पेट्रोल लागलेंच नाहीं असें त्याला दिसतें, आणि मग एंजिनाचा भार कशाला वाहावा हा विचार सुचतो. पण सगळेच दोरी जोडीत नाहींत. युरोपीय आयोगानें २०२४ सालीं अशा मोटारींचा प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूर जाहीर केला, तो कागदोपत्रीं मान्य झालेल्या आंकड्याच्या सरासरीनें साडेतीन पट निघाला. भरण्याची दोरी गाडीच्या मागल्या पेटींत पडून होती, असाच याचा अर्थ. कंपनीनें दिलेली गाडी आणि कंपनीच्याच पैशाचें पेट्रोल असलें म्हणजे दोरी जोडण्याचा खटाटोप कोण करणार?

याहून बोलकी हकीगत कॅलिफोर्नियांतील आहे. २०१२ ते २०१८ या काळांत तेथें विजेवर भरणाऱ्या मोटारी घेतलेल्या लोकांची पाहणी झाली व ती २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. मिश्र मोटारवाल्यांपैकीं शेंकडा २० आणि निव्वळ विजेच्या मोटारवाल्यांपैकीं शेंकडा १८ मालक पुढल्या खरेदींत पुन्हां पेट्रोलकडे गेले होते. वर चढण्याऐवजीं पांचांतला एक खालीं उतरला! त्यामागें जीं कारणें दिसलीं, त्यांत वीज भरण्याची गैरसोय आणि घरीं जलद भरणारी जोडणी नसणें हीं प्रमुख होतीं.

उलट नॉर्वे देशांत पाहावें. तेथें १९९० पासून विजेच्या मोटारींना आयातकर माफ झाला, २००१ पासून विक्रीवरील करहि. बहुसंख्य कुटुंबें स्वतंत्र किंवा जोडघरांत राहतात, आणि वीज जवळजवळ सारी पाण्यापासून होते. २०२० सालीं नव्या मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक निव्वळ विजेच्या होत्या. २०२४ सालीं हा आंकडा शेंकडा ८८ च्या पुढें गेला. २०२१ सालीं तेथें पांचांत एक नवी मोटार घरीं भरण्याच्या मिश्र जातीची होती. २०२४ मध्यें शंभरांत तीनहि नव्हत्या. मिश्र मोटार तेथें खरोखरच पायरी ठरली. परंतु सरकारनें त्या पायरीवरच्या सवलती काढून घेतल्या, हेंहि विसरून चालणार नाहीं.

चीनमध्यें वारा दुसऱ्याच बाजूनें वाहिला. विजेच्या मोटारींत जगाच्या पुढें असलेल्या या देशांत २०२४ सालीं घरीं भरण्याच्या मिश्र मोटारींची विक्री निव्वळ विजेच्या मोटारींहून कितीतरी वेगानें वाढली. सणासाठीं हजार किलोमीटरांवरील गांवीं जाणाऱ्या कुटुंबाला एंजिनाचा आधार हवासा वाटतो. शहरांत मात्र तेंच कुटुंब विजेवर हिंडतें. अशा घरास मिश्र मोटार हा मुक्कामच आहे, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें असेंहि म्हणतां येत नाहीं.

आपल्याकडे टाटांची 'नेक्सॉन' ही विजेची मोटार पुण्याजवळील रांजणगांवच्या कारखान्यांतून जानेवारी २०२० मध्यें बाजारांत आली. मारुती आणि टोयोटा यांच्या दोरी नसलेल्या मिश्र मोटारी २०२२ सालीं. करांतील अंतर मोठें राहिलें. सप्टेंबर २०२५ मधील फेरबदलानंतरहि विजेच्या मोटारीवर शेंकडा ५, तर मोठ्या मिश्र मोटारीवर शेंकडा ४० असा कर ठरला. कराचा एवढा जोर असूनहि मिश्र मोटारींना गिऱ्हाईक आहे. गिरगांवांत किंवा दादरला ज्याची गाडी रात्रीं रस्त्याच्या कडेला उभी राहते, त्याला शेंकडा ३५ ची सवलत जोडणीचा खांब देऊं शकत नाहीं. कोथरूडच्या बंगलेवाल्याला तो खांब एका दिवसांत मिळतो. आणि या दोघांच्या मध्यें मोठा वर्ग आहे तो सहकारी गृहसंस्थांतील बिऱ्हाडांचा. तेथें विजेचा वेगळा मीटर कोठें बसवावा, तळघरांतून तार कोणीं न्यावी आणि तिचा खर्च ज्यांच्याकडे मोटारच नाहीं त्यांनींहि द्यावा कीं काय, हे विषय सर्वसाधारण सभेपुढें येतात, आणि पुष्कळदां पुढल्या सभेवर ढकलले जातात. ज्या इमारतींत ते एकदां निकालांत निघतात, तेथें दुसरी व तिसरी विजेची मोटार यावयास फारसा वेळ लागत नाहीं.