हायब्रीड, संकरित आणि गूगलची चौकट

आजचा भाग थोडा माझ्या पोटापाण्याच्या कामाचा आहे, पण इतिहासाचाच आहे. तेव्हा इयरफोन काढू नका.

२०१८ साली मी जालन्यातल्या एका छोट्या बियाणे कंपनीत लागलो. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण पुढे मी तिची तक्रार करणार आहे. पहिल्याच दिवशी मालकांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, कंपनीची वेबसाइट उघडली आणि म्हणाले, "गूगलवर आपण पहिले आलो पाहिजे." मी विचारलं, "काय शोधल्यावर?" ते म्हणाले, "काय म्हणजे? बियाणं शोधल्यावर!"

कीवर्ड रिसर्च म्हणजे काय, तर माझा तो प्रश्न. आपलं दुकान ज्याला हवंय, तो माणूस चौकटीत नेमका कोणता शब्द टाकतो? हे तेव्हा मला कळत नव्हतं. मी यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले आणि 'बेस्ट सीड कंपनी इन इंडिया', 'हाय यील्ड सीड्स', 'क्वालिटी सीड्स महाराष्ट्र' अशी यादी करून पानोपान ते शब्द पेरले. उगवलं काहीच नाही.

मग मी थोडा मागे गेलो. हे शब्द विकायचं खूळ आलं कुठून? १९९८ साली अमेरिकेत बिल ग्रॉस नावाच्या माणसानं गो-टू डॉट कॉम काढलं. त्याची युक्ती अगदी मोंढ्यातल्या लिलावासारखी होती. एका शब्दावर कोण किती बोली लावतो ते बघायचं, जास्त बोलीवाला वर. लोक हसले, काहींना तर ते लबाडीचं वाटलं. पण २००० च्या ऑक्टोबरमध्ये गूगलनं ॲडवर्ड्स सुरू केलं, साडेतीनशे जाहिरातदारांना घेऊन, आणि दोन वर्षांत तेही लिलावावर आलं. पैसे न देता वर यायचं असेल तर दुसरी वाट होती. पानाच्या कोडमध्ये 'कीवर्ड' नावाचा एक टॅग असायचा, त्यात लोक शब्द कोंबायचे. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द लिहून ठेवायचे, म्हणजे माणसाला दिसत नाही पण मशीन वाचतं. या खेळाला कंटाळून २००९ मध्ये गूगलनं जाहीरच केलं की आम्ही क्रमवारीसाठी तो टॅग बघत नाही. आमच्या साइटवर २०१८ मध्येही तो टॅग होता. त्यात 'सीड्स' किती वेळा लिहिलं होतं ते मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

आता त्याच १९९८ सालात या, पण जालन्यात. त्या वर्षी बद्रीनारायण बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. महिको त्यांची. १९६४ मध्ये जालन्यात सुरू झालेली 'महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी', तिचं हे तुटक नाव. त्याआधी त्यांनी दिल्लीहून 'पुसा सावनी' नावाच्या भेंडीचं बी आणून लावलं होतं. पानं पिवळी पडणाऱ्या रोगाला ती टिकायची. आजूबाजूचे शेतकरी भेंडी बघायचे आणि बी मागायचे. धंद्याचं मूळ त्यात आहे. कंपनीच्या नावात 'हायब्रीड' हा शब्द घातला गेला, तेव्हा तो गावात कुणाला ठाऊक असणार?

पण बघा पुढे काय झालं. १९६४ मध्येच 'सीएसएच-१' ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. सरकारी पत्रकात, कृषी विभागाच्या पुस्तिकेत शब्द होता 'संकरित'. शुद्ध, व्याकरणाला धरून. शेतकऱ्यानं तो उचललाच नाही. त्यानं 'हायब्रीड' उचलला, आणि तोही विशेषण म्हणून नाही. हायब्रीड म्हणजे ज्वारीच. 'यंदा हायब्रीड लावली', 'हायब्रीडच्या भाकरीला चव नाही बाबा'. पुढे तर तो शब्द पोरांना शिवी म्हणूनही लागला. आमची आजी आम्हाला 'हायब्रीडची पोरं' म्हणायची, म्हणजे वाढ लवकर आणि दम कमी. 'संकरित' तिनं आयुष्यात उच्चारला नसेल.

कीवर्ड प्लॅनर नव्हता, गूगल नव्हतं, पण शब्दाचा निकाल लागला होता. विकणाऱ्याचा शब्द वेगळा, सरकारचा वेगळा, आणि घेणारा तिसराच काहीतरी धरून बसतो. आमच्या साइटवर काय होतं? 'संकरित वाण'. आणि तेसुद्धा धड नव्हतं, ते सांगतो.

कंपनीकडे मराठी माहितीपत्रकांचा गठ्ठाच्या गठ्ठा होता. प्रेसवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. ज्यांनी डीटीपीचं काम बघितलंय त्यांना माहीत असेल, त्या फॉन्टमध्ये 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तिथे भलतंच इंग्रजी अक्षर असतं. फॉन्ट काढला की सगळा कचरा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, पण छापखान्यांनी आणि कितीतरी मराठी साइट्सनी पुढे अनेक वर्षं स्वतःचे फॉन्ट चालवले. त्या काळातला मराठी मजकूर डोळ्यांना दिसायचा, पण शोधता यायचा नाही. आमच्याकडे तर त्याहून सोपा उपाय केला होता. पत्रकाचा फोटो काढायचा आणि साइटवर चिकटवायचा! म्हणजे वीस वर्षांचं मराठी लिखाण गूगलच्या लेखी कोरं पान. मी दोन महिने बसून ते सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. बोटं दुखली, पण सर्च मार्केटिंगमधलं माझं सगळ्यात उपयोगी काम बहुतेक तेच.

मग प्लॅनर उघडला. मराठी शब्द टाकले की बऱ्याचदा आकडाच येत नसे, नुसती आडवी रेघ. मालक म्हणाले, "बघ, मराठीत कुणी शोधतच नाही." मलाही वाटलं, खरंच असेल. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं. बांधावर बसून व्हिडिओ बघणारी माणसं मी रोज बघत होतो. ती काहीच विचारत नसतील?

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मोंढ्यातल्या एका ओळखीच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन बसलो. काउंटरच्या मागे, स्टुलावर, वही घेऊन. कोण काय शब्द वापरतो तेवढंच लिहायचं. तीन दिवसांत वही भरली. 'बियाणे' म्हणणारे थोडे, 'बियाणं' आणि नुसतं 'बी' म्हणणारे जास्त, अद्रकवाले 'बेणं' म्हणणार. 'उत्पादनक्षमता' शून्य माणसं, 'उतारा' सगळी. कपाशीचा 'लाल्या', सोयाबीनचा 'पिवळेपणा'. एक आजोबा म्हणाले, "औंदा पाऊस कमी हाय, लवकर येनारं काय हाय का?" आमच्या साइटवर त्याच वाणाला 'अल्प कालावधीत परिपक्व होणारा' लिहिलं होतं. मी घरी येऊन गूगलच्या चौकटीत 'लवकर येणारे सोयाबीन' एवढंच टाइप केलं आणि थांबलो. खाली सूचना येत गेल्या. कुणीतरी शोधत होतं, नाहीतर त्या आल्या कुठून? रेघेचा अर्थ 'कुणी नाही' असा नसतो. प्लॅनर मुळात जाहिरात विकण्यासाठी बनवलाय, गावचा कानोसा घ्यायला नाही.

आणखी एक सांगतो, थोडं आडवळण आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. त्याचं अधिकृत नाव माहितीये? 'जालना स्वीट ऑरेंज'. शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर आहे, आपल्याकडे कृषी विद्यापीठं मोसंबीला स्वीट ऑरेंजच म्हणतात. पण शहरातला ग्राहक इंग्रजीत शोधताना 'स्वीट लाइम' टाकतो, ज्यूसवाला 'मोसंबी' म्हणतो, आणि 'ऑरेंज' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे नागपूर येतं. एका फळाची तीन नावं. 'मोसंबी' हा शब्दही मोझांबिकवरून आला असं मानतात. म्हणजे आपण ज्याला अस्सल आपलं नाव म्हणतो, तेही कुठल्यातरी बंदरातून आलेलं. उद्या कुणी मोसंबीची वेबसाइट काढली तर तिन्ही नावं एकाच पानावर सरळ वाक्यांत लिहा, एवढंच सांगेन.

आता तक्रारीकडे येतो.

वहीतल्या शब्दांवर पानं लिहिली, हळूहळू लोक यायला लागले. मे २०२०, लॉकडाऊन. त्या वेळी सगळ्यात जास्त विचारणा कशाची होती? 'घरचं सोयाबीन पेरलं तर चालेल का'. सोयाबीन हायब्रीड नाही, सरळ वाण आहे, घरचं बी पुन्हा पेरता येतं. आणि मी एका बियाणे कंपनीचा नोकर! हे पान लिहिलं तर आमच्या बॅगा कमी खपणार. तरी मी मालकांना पटवलं, म्हणालो, माणूस आज विश्वासानं येईल, उद्या कपाशीचं बी घ्यायलाही येईल. पान झालं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत ठेवा, गुंडाळा, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहा, सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तर किंवा वर उगवले तर बी चांगलं. आणि पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. त्या उन्हाळ्यात आमच्या साइटवर त्याहून जास्त वाचलं गेलेलं पान नव्हतं.

मग जून उजाडला. त्या खरिपात मराठवाडाभर विकतचं सोयाबीन उगवलं नाही अशा तक्रारी आल्या. इतक्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. मी सर्च कन्सोल उघडून बसलो होतो. शब्द बदलले होते. 'उगवण क्षमता' मागे पडलं आणि 'सोयाबीन उगवले नाही तक्रार कुठे करावी', 'bogus biyane takrar', 'biyane ugavle nahi kay karave' असे शोध यायला लागले, रोमन अक्षरांत टाइप केलेलं मराठी. दुबार पेरणीला हातात पैसा नसलेला माणूस रात्री फोनवर हे टाइप करत होता, आणि गूगल त्याला आमच्या दारात आणून सोडत होतं, कारण उगवणीवरचं पान आमचं होतं.

मी एका रात्रीत उत्तराचं पान लिहिलं. मालकांनी वाचलं, लॅपटॉप बंद केला आणि म्हणाले, "आपल्याच दुकानात बसून आपल्याच विरुद्ध अर्ज कसा लिहायचा ते शिकवतोस?" त्यांचंही अगदीच चूक होतं असं मी म्हणत नाही. आमच्याही काही बॅगा त्या यादीत होत्या. पान ड्राफ्टमध्ये राहिलं. मी नोकरी सोडली तेव्हाही ते तिथेच होतं.

म्हणून ते इथे वाचून दाखवतो. बियाण्याची पावती, पिशवी आणि तिच्यावरचं लेबल टाकू नका, लॉट नंबर त्यावरच असतो. पिशवीत मूठभर बी शिल्लक ठेवा. उगवण झाली नाही असं दिसलं की लगेच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते, तोवर रान मोडू नका, कारण मोडलेल्या रानाचा पंचनामा होत नाही. अहवालाची प्रत मागून घ्या. भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येतं. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सांगितलंय. आणि हा भाग शोधायला सोपा जावा म्हणून याच्या वर्णनात मी 'बियाणं उगवलं नाही' हे शब्द तीन प्रकारे लिहिलेत, देवनागरीत दोनदा आणि रोमनमध्ये एकदा.