न्यूकॅसल (ऑस्ट्रेलिया) : मध्यवस्तीचे पुनरुज्जीवन

न्यूकॅसल हे न्यू साउथ वेल्स राज्यातील सिडनीखालोखाल मोठे शहर असून ते सिडनीच्या उत्तरेस सुमारे १६० किमी. अंतरावर, हंटर नदी पॅसिफिक महासागरास मिळते त्या ठिकाणी वसले आहे. अवाबाकल आणि वोरिमी हे या परिसराचे मूळ रहिवासी होत. १७९७ मध्ये लेफ्टनंट जॉन शॉर्टलँड यास नदीमुखाशी कोळसा आढळला, १७९९ मध्ये त्याची खेप थेट बंगालला गेली आणि १८०४ पासून येथे कैद्यांची कायम वसाहत झाली. कोळशाच्या निर्यातीत हे बंदर आजही जगात अग्रगण्य आहे. शहराच्या मध्यवस्तीचे नशीब मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदराच्या नशिबापासून वेगळे झाले.

मध्यवस्ती एका चिंचोळ्या भूशिरावर असून तिच्या एका अंगास बंदर व दुसऱ्या अंगास समुद्रपुळणी आहेत. हंटर स्ट्रीट हा तिचा मुख्य बाजाररस्ता होय. चार्ल्सटाउन, कोटारा या उपनगरांत प्रशस्त वाहनतळ असलेली विक्रीसंकुले उभी राहिली, तेव्हा गिऱ्हाईक तिकडे वळले. २८ डिसेंबर १९८९ रोजी ५.६ प्रतीच्या भूकंपात १३ माणसे दगावली व मध्यवस्तीतील अनेक इमारतींची हानी झाली; १९१५ पासून धगधगणारा बी.एच.पी. कंपनीचा पोलाद कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. २०११ मध्ये डेव्हिड जोन्स या सर्ववस्तुभांडारानेही हंटर स्ट्रीटवरील आपले दुकान आवरले. गिरणगावाची उतरती कळा पाहिलेल्या मराठी वाचकास ही घटनांची साखळी अपरिचित वाटणार नाही.

शासनाने १९९२ मध्ये हनीसकल विकास महामंडळ स्थापून बंदरालगतच्या रेल्वे कार्यशाळा व गोदामांच्या जमिनीचा कायापालट आरंभला, तेथे निवासी इमारती, कचेऱ्या, उपाहारगृहे आली आणि जुन्या कार्यशाळांत २०११ मध्ये न्यूकॅसल संग्रहालय उघडले. परंतु पाण्याकाठी झालेल्या या नवलाईचा ओलावा काही अंतरावरच्या हंटर स्ट्रीटपर्यंत फारसा पोहोचला नाही. मोठ्या भांडवलाने जे साधले नाही, ते काही अंशी एका अल्पखर्चिक व्यवस्थेने साधले, आणि म्हणूनच नगररचनेच्या अभ्यासकांत या शहराचे नाव घेतले जाते.

ती व्यवस्था म्हणजे मार्कस वेस्टबरी या न्यूकॅसलच्याच सांस्कृतिक कार्यकर्त्याने २००८ मध्ये स्थापन केलेली ‘रिन्यू न्यूकॅसल’ ही ना-नफा संस्था होय. मध्यवस्तीच्या प्रमुख रस्त्यांवर त्या सुमारास दीडशेच्या आसपास वास्तू ओस पडल्या होत्या. गाळे रिकामे असण्याचे कारण त्यांना मागणी नव्हती एवढेच नव्हते. भाडे उतरवले की कागदोपत्री मालमत्तेचे मूल्यही उतरते, आणि भाडेकरार केला की भाडेकरूचे हक्क निर्माण होऊन पुनर्विकासाच्या वेळी गाळा सहजी मोकळा होत नाही, अशा दुहेरी धास्तीने मालक कुलूप लावून बसणेच पसंत करीत. संस्थेने भाडेकराराऐवजी तीस दिवसांचा, महिनोमहिना पुढे चालू राहणारा वापरपरवाना पुढे केला. भाडेकरूचा हक्क उत्पन्न न करता जागा वापरू देण्याचे हे तत्त्व महाराष्ट्रात ‘लीव्ह अँड लायसन्स’ या नावाने घरोघरी ठाऊक आहे. फरक इतकाच की, न्यूकॅसलमध्ये बाजारभावाने भाडे घेतले जात नसे. विम्याची व्यवस्था संस्था पाही, वापरणारा गाळ्याची साफसफाई व रंगरंगोटी करी, आणि भाडे देणारे खरे गिऱ्हाईक मिळताच मालकास जागा परत मिळे. जी.पी.टी. या मोठ्या मालमत्ता कंपनीने बाजारातील आपल्या वास्तू या तऱ्हेने खुल्या केल्या. त्यांत चित्रकार, छायाचित्रकार, दागिने घडविणारे, शिवणकाम करणारे असे लहान कारागीर व कलावंत आले. काहींचे उद्योग महिन्या-दोन महिन्यांत गुंडाळले गेले, तर काहींनी पुढे रीतसर भाड्याचे गाळे घेतले. नियमच असे होते की, अपयशही स्वस्तात पडावे. ‘लोन्ली प्लॅनेट’ या प्रवासमार्गदर्शक प्रकाशनाने २०११ च्या भेटीयोग्य दहा शहरांत न्यूकॅसलला स्थान दिले, त्याचे काही श्रेय या घडामोडींस दिले जाते. याच धर्तीवरील उपक्रम पुढे ॲडलेडसह इतर शहरांतही झाले.

यानंतरचे बदल मात्र मोठ्या खर्चाचे होते. बंदर आणि हंटर स्ट्रीट यांच्यामधून जाणारा लोहमार्ग डिसेंबर २०१४ मध्ये बंद करण्यात आला. ‘दोहोंमधील भिंत पडली’ असे त्याच्या समर्थकांचे म्हणणे, तर समुद्रकाठापर्यंत येणारी गाडी विनाकारण तोडली असे विरोधकांचे. दोन्ही पक्षांत तथ्य होते. त्याऐवजी २.७ किमी. लांबीची, सहा थांब्यांची ट्राम फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तिला वर विजेची तार नसून गाडी प्रत्येक थांब्यावर थोडा वेळ उभी असतानाच तिच्यातील वीज साठविणारी यंत्रणा भरून घेतली जाते. ट्रामसाठी रस्ता खोदलेला असताना दुकानदारांनी धंदा बसल्याच्या तक्रारी केल्या. २०१७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाने ‘नूस्पेस’ ही इमारत मध्यवस्तीत आणली आणि दिवसा रस्त्यावर तरुणांची वर्दळ वाढली.

भूगर्भाची एक अडचण या सर्व बांधकामास आहे. मध्यवस्तीखाली जुन्या कोळसाखाणींची पोकळी असल्याने उंच इमारत उभारण्यापूर्वी अनेकदा खोलवर सिमेंटचा राडा सोडून ती भरावी लागते. हा खर्च किती होईल याचा आधी अंदाज येत नाही, म्हणून राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र निधी निर्माण केला.

समुद्राकडील बाजूस नगरपालिकेने ‘बेदर्स वे’ हा नॉबीज भूशिरापासून मेरीवेदरपर्यंतचा सुमारे सहा किमी.चा पादचारी मार्ग टप्प्याटप्प्याने बांधला. या मार्गावर कैद्यांच्या वसाहतीचा प्रमुख मेजर जेम्स मॉरिसेट याच्यासाठी १८१९ मध्ये कैद्यांनी खडकात खोदलेले ‘बोगी होल’ हे स्नानकुंड आहे, तसेच १९२२ मध्ये उघडलेली न्यूकॅसल सागरी स्नानगृहे असून दुरुस्तीनंतर ती २०२३ अखेर पुन्हा खुली झाली.

रिन्यू न्यूकॅसलचे काम २०१९ मध्ये थांबले. तोवर बाजारातील जुने भाग पुनर्विकासासाठी विकले गेले होते, डेव्हिड जोन्सच्या जुन्या इमारतीत पुढे हॉटेल आले आणि उसने देण्याजोगे रिकामे गाळे फारसे उरले नव्हते.