‘मराठी’ची लांबी पंधरा

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर ‘मराठी’ लिहितो आणि विचारतो, स्ट्रलेन हे फंक्शन कोणता आकडा परत देईल? मुलं तीन म्हणतात, एखादी पाच. उत्तर येतं १५. स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेतं.

याची मुळं जुनी आहेत. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी सी भाषेत पीएचपीची पहिली साधनं लिहिली आणि ८ जून १९९५ रोजी सर्वांना खुली केली. तेव्हा फंक्शन शोधायला त्याच्या नावाची लांबीच वापरत, म्हणून नावं मुद्दाम लांब-आखूड ठेवली गेली. युनिकोड मुळातून पेलणारी पीएचपीची सहावी आवृत्ती मात्र वर्षानुवर्षं रखडली आणि २०१० मध्ये सोडून दिली गेली. पाचानंतर थेट सातवी आली, २०१५ मध्ये. आपल्या लिप्यांचं त्यात फार मोठं नुकसान झालं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मुलांनो, मराठी अक्षरं मोजायची तर ग्राफीम_स्ट्रलेन वापरा. ‘मराठी’साठी उत्तर ३ येतं.