पाहण्याचा परवाना

डेटाबेस का मंदावला हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचे लायसन्स सहसा पाहणाऱ्यावर नाही, तर पाहिल्या जाणाऱ्या यंत्रावर मोजतात: सर्व्हर किती, प्रोसेसर किती, कोअर किती. ही मोजणी निगराणीच्या गरजेतून निघालेली नाही. ती डेटाबेसच्या लायसन्सकडून वारशाने आली आहे, आणि डेटाबेसकडे ती त्याआधी हार्डवेअरकडून आली होती.

या वंशावळीचे मूळ १९६९ सालात सापडते. तोवर आयबीएमचे बहुतेक सॉफ्टवेअर यंत्राच्या भाड्यातच धरलेले असे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी खटला भरला आणि जूनमध्ये कंपनीने सॉफ्टवेअरची किंमत वेगळी आकारण्याचे जाहीर केले. किंमत वेगळी झाली, पण मोजायचे काय? सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ खर्च येत नाही, त्यामुळे मोजण्याजोगे जे समोर होते त्या यंत्राचाच आधार घेतला गेला. ऑरॅकलने तर काही काळ प्रोसेसरची संख्या आणि त्यांचे मेगाहर्ट्झ यांचा गुणाकार करून ‘युनिव्हर्सल पॉवर युनिट’ काढले. वेगवान यंत्र घेणाऱ्याला त्याच डेटाबेससाठी जास्त मोजावे लागे. ग्राहकांच्या नाराजीनंतर २००१ मध्ये ते एकक गेले आणि प्रोसेसर आला. पुढे एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर बसू लागले, तेव्हा कोअरला गुणक लावण्याचे कोष्टक निघाले. इंटेलच्या नेहमीच्या सर्व्हर-प्रोसेसरसाठी गुणक ०.५ आहे, म्हणजे सोळा कोअरना आठ लायसन्स.

निगराणीने हेच एकक जसेच्या तसे उचलले. ऑरॅकल ८आय आवृत्तीबरोबर मिळणारे स्टॅट्सपॅक हे निगराणीचे साधन विनामूल्य होते. २००३ मध्ये जाहीर झालेल्या १०जी आवृत्तीपासून चित्र बदलले. डेटाबेस स्वतःच दर तासाला कामाच्या ताणाची नोंद घेऊ लागला आणि चालू सेशन दर सेकंदाला टिपू लागला. ही नोंद ग्राहकाच्याच डिस्कवर साठते आणि मुळातच चालू असते. ती वाचायला मात्र डायग्नोस्टिक्स पॅक लागतो. तो फक्त एंटरप्राइझ एडिशनसाठी मिळतो आणि जितक्या प्रोसेसरवर डेटाबेसचे लायसन्स, तितक्यांवरच घ्यावा लागतो. ११जीमध्ये पॅक बंद करण्याचे पॅरामीटर आले, पण एंटरप्राइझ एडिशनमध्ये त्याचे मूळ मूल्य ‘पॅक चालू’ असेच आहे. या तासागणिक नोंदींचा, म्हणजे एडब्ल्यूआरचा, रिपोर्ट काढला की वापराची नोंदही डेटाबेसमध्येच राहते, आणि लायसन्स ऑडिटमध्ये ती पुढे येऊ शकते. पुण्यात बसून परदेशी ग्राहकाचा डेटाबेस सांभाळणारा डीबीए लायसन्स विकत घेत नाही, पण ऐन अडचणीच्या रात्री त्याने चालवलेल्या एका रिपोर्टची किंमत ग्राहकावर पडू शकते. ही रचना मला अन्यायाची वाटते: नोंद आपोआप घेतली जाते, दार उघडे ठेवले जाते आणि आत डोकावण्याचे बिल नंतर येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मोठ्या यंत्रावरचा डेटाबेस अडला तर नुकसानही मोठे, मग त्याच्या निदानाची किंमत जास्त का नसावी? डेटाबेस इंजिनाबाबत हे मला मान्य आहे, कारण कोअर वाढले की ते खरोखरच जास्त काम करते. निदानाचे तसे नाही. चुकीचा इंडेक्स वापरणारी क्वेरी चार कोअरवर शोधा की चौसष्टवर, रिपोर्ट एकच लागतो आणि तो वाचणारा माणूसही एकच. कोअरवर दर लावला की कंपन्या निगराणी फक्त मुख्य सर्व्हरपुरती घेतात आणि चाचणीचे सर्व्हर अंधारात राहतात, जिथे तोच दोष आधी सापडला असता. दुसरा आक्षेप मेहनतीचा. हे तंत्र घडवणाऱ्यांना मोबदला मिळायलाच हवा, पण मोबदला हवा म्हणून याच एककावर हवा असे ठरत नाही. पोस्टग्रेसमध्ये क्वेरींची आकडेवारी ठेवणारे पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स २००९ पासून डेटाबेसबरोबरच विनामूल्य येते. ॲमेझॉनच्या परफॉर्मन्स इनसाइट्सने सात दिवसांचा इतिहास फुकट दिला आणि त्याहून जुन्या नोंदी जपण्याचे पैसे घेतले. किती मागचे पाहायचे, हा प्रश्न निगराणीचा स्वतःचा आहे, म्हणून हे एकक मला योग्य वाटते. तरी तो जास्तीचा दरसुद्धा व्हीसीपीयूमागेच, म्हणजे आभासी प्रोसेसरमागेच, आकारला गेला.